तीन नाणी, हिशेब एक

आज आम्ही संगणकावरच्या एका खेळाबद्दल बोलणार आहोत. खेळ पोरींचा आहे, पण त्यातला धडा आपल्या गटाच्या वहीचा आहे. म्हणून हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे द्या.

नगरचा भुईकोट किल्ला आणि चांदबिबी ही नावं आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नकोत. १५९५-९६ साली मोगल फौजेनं किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा चांदबिबीनं तो लढवला. आख्यायिका अशी, की तोफगोळे संपल्यावर तिनं तोफांत आधी तांब्याची नाणी भरली, मग चांदीची, मग सोन्याची आणि शेवटी दागिने. आमच्या गटातल्या बायांच्या लेकींनी सुट्टीत याच गोष्टीवर खेळ रचायला घेतला. खेळणारीनं वेढ्यातल्या किल्ल्यात धान्य, औषधं, दारूगोळा पोचवायचा. खरेदीसाठी कमरेला बटवा, आणि बटव्यात तीन धातूंची नाणी.

खेळापुरते दर आम्ही मिळून ठरवले. चांदीचं १ नाणं म्हणजे तांब्याची ६४, आणि सोन्याचं १ म्हणजे चांदीची ४. आता समजा बटव्यात सोन्याची २, चांदीचं १ आणि तांब्याची १० नाणी आहेत. दारूच्या पोत्याची किंमत चांदीची ३ आणि तांब्याची ४०. कशी द्यायची? तांब्याची ४० नाहीत, म्हणून चांदी मोडायची. मग चांदी पुरत नाही, म्हणून सोनं मोडायचं. एकदा ६४ चा हातचा, एकदा ४ चा हातचा. माणूस हे निभावून नेतो, पण संगणकाला प्रत्येक मोडतोड वेगळी शिकवावी लागते. एखादी राहिली की बटव्यात पैसे असूनही खेळ म्हणतो, पैसे नाहीत.

यावर सोपा उपाय आहे. हिशेब सगळ्यांत लहान नाण्यातच ठेवायचा. सोन्याची २ म्हणजे तांब्याची ५१२, त्यात चांदीच्या एकाची ६४ आणि वरची १०, एकूण ५८६. पोत्याची किंमत २३२. बाकी राहिली ३५४. संगणकाच्या पोटात एवढा एकच आकडा. पडद्यावर दाखवायच्या वेळी मात्र त्याची नाणी करायची: ३५४ ला २५६ नं भागलं की सोन्याचं १, उरले ९८, त्यातून चांदीचं १, आणि तांब्याची ३४. दाखवायला तीन नाणी, मोजायला एक.

आपल्या आज्यांना हे नवं नव्हतं. त्यांच्या रुपयात १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै असायच्या. चवली २ आण्यांची, पावली ४ आण्यांची, अधेली ८ आण्यांची. 'पै न पै चुकती केली' असं आपण अजून म्हणतो, म्हणजे हिशेब सगळ्यांत लहान नाण्यापर्यंत मिटवला.

मग १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्या हिशेबानं एक आणा सव्वासहा पैशांचा, पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सुट्या एका आण्याचे ६ नवे पैसे धरले. आता बघा, १६ आणे एकत्र दिले तर पुरे १०० पैसे, आणि तेच एकेक करून १६ वेळा बदलले तर ९६. चार पैसे वाटेतच गळाले. लबाडी कुणी केली नाही, फक्त अपूर्णांक दर वेळी सोडून दिला. म्हणून आधी बेरीज पुरी करावी, मग एकदाच रक्कम पूर्ण करावी.

संगणकाचंही असंच आहे. तो सगळं ० आणि १ या दोनच अंकांत लिहितो. त्यामुळे दशांश चिन्हानंतरचे काही आकडे त्याला नेमके मांडता येत नाहीत. साध्या पद्धतीनं ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगितली, तर पुष्कळदा उत्तर ०.३ च्या किंचित पुढं जातं. म्हणून जाणते प्रोग्रामर रुपये दशांशात न ठेवता पैशांत, पूर्ण आकड्यात ठेवतात.

आता आपल्या गटाकडे येऊ. १२ जणी आहेत आणि वाटायला व्याज जमलं १,००० रुपये. प्रत्येकीला ८३ रुपये ३३ पैसे येतात. १२ जणींचे मिळून होतात ९९९ रुपये ९६ पैसे, उरतात ४ पैसे. पण रोख वाटताना सुटे पैसे कुणाकडे असतात? २५ पैसे आणि त्याखालची नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातून गेली. मग आपण ८३ रुपये देतो आणि ४ रुपये उरतात. हे ४ रुपये वहीत दिसले पाहिजेत: 'वाटून उरलेले ४ रुपये, गटाच्या शिलकीत जमा.' रक्कम लहान आहे, पण ती दर वाटपाला उरते, आणि लिहिली नाही तर एक दिवस कुणीतरी विचारतंच, 'ते कुठं गेले?' गट चार रुपयांनी बुडत नाही, त्या प्रश्नाला उत्तर नसलं की बुडतो.

आता पुष्कळ गटांचा हिशेब मोबाइलवर आणि संगणकावर चाललाय. यंत्रानं सांगितलं म्हणून मान डोलावू नका. नोंद करणाऱ्या ताईंना तीन गोष्टी विचारा. व्याजाचा अपूर्णांक कुठं जातो? रक्कम दर ओळीला पूर्ण करता की शेवटी एकदाच? आणि सगळ्या जणींचे आकडे मिळवले तर एकूण तेवढीच येते का? शेवटची बेरीज तर पाटीवरही करून बघता येते.

आणि एक मागणं. घरात पोरगी संगणकावर खेळताना दिसली तर लगेच ओरडू नका. आधी विचारा, 'यातला बटवा कसा चालतो गं?' तिला ते उलगडून सांगता आलं, तर उद्या गटाची वही तिच्या हाती द्यायला हरकत नाही.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!