मोहरी, निंबोळी आणि पुरावा



मी शास्त्रज्ञ नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण धान्याच्या वखारीत, हमालांच्या संगतीत झाले. तेव्हा बियांविषयी बोलणार तेही वखारीच्या दारातूनच.

लोणच्यात मोहरीची डाळ का घालतात? मोहरी भरडून ओली झाली, की तिच्यातील एक द्रव्य आणि एक विकर यांची गाठ पडते व नाकात झणझणणारा पदार्थ तयार होतो. तो बुरशीला सोसत नाही. तिळाची गोष्ट निराळी. हवेतील प्राणवायूने तेल खवट होते. तिळातील सेसॅमॉलसारखी द्रव्ये ती क्रिया रोखून धरतात, म्हणून तिळाचे तेल टिकते. आमच्या आयांना ही नावे ठाऊक नव्हती. गुण मात्र ठाऊक होता.

पण ठाऊक असणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. १९९४ साली युरोपच्या पेटंट कचेरीने निंबोळीच्या तेलाने झाडांवरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे पेटंट एका अमेरिकन कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषिखात्याला दिले. वंदना शिवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तेथे नुसता संताप चालला नसता. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ साली निंबोळी-अर्काच्या चाचण्या झाल्या होत्या. त्यांची साक्ष पुढे आली. २००० साली पेटंट रद्द झाले आणि २००५ साली अपीलही फेटाळले गेले. म्हणूनच मी कामगारांना सांगत असतो : वजन, हजेरी, मजुरी, सारे लिहून ठेवा.

आता दुसरी बाजू. एका वखारीत बुरशी आलेला शेंगदाणा हमालांना फुकट वाटण्यात आला. मी तो घरी नेऊ दिला नाही. माझेच लोक माझ्यावर चिडले. घरात तेलाची टंचाई होती. पण त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताचा घात करणारे विष होऊ शकते. भाजल्याने ते पुरते जात नाही, आणि मोहरी-निंबोळी लावल्यानेही एकदा झालेले विष उतरत नाही. अर्काने काचेच्या बशीत बुरशी थांबली म्हणजे तो माणसाचे औषध झाला, असेही नव्हे.

आजीच्या ज्ञानाचा मान राखा. पण त्याला पुराव्याची जोड द्या. आणि कामगाराच्या ताटात नासका दाणा पडू देऊ नका.