न दुखणारा खुबा



बाळाचं दुखणं आई रडण्यावरून ओळखते. आज ज्या विकाराबद्दल बोलायचं आहे, त्यात बाळ रडतच नाही. मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटीत नीट बसलेला नसतो, किंवा वाटीच उथळ राहिलेली असते. तरी बाळ दूध पितं, हसतं, अंग धरतं. घरच्यांच्या लक्षात येतं ते पोर लंगडत किंवा डुलत चालायला लागल्यावर. तोवर सोप्या उपचाराचे महिने निघून गेलेले असतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात ते महिने आपल्या हातून जाऊ नयेत, म्हणून हे बोलणं.

सहा महिन्यांच्या आत दोष सापडला, तर बहुतेक बाळांचं काम पाव्हलिक पट्ट्यावर भागतं. हा मऊ पट्टा बाळाचे गुडघे वाकलेले आणि मांड्या फाकलेल्या ठेवतो. माथा वाटीत बसतो आणि वाटी त्याच्याभोवती खोल होत वाढते. सहा महिन्यांनंतर बहुधा भूल देऊन सांधा बसवावा लागतो, वर कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. दीड-दोन वर्षांपुढे शस्त्रक्रिया, अनेकदा हाड कापून. आणि काहीच झालं नाही, तर ऐन तारुण्यात झिजलेला खुबा. धानाची रोवणी, तेंदूपत्त्याची तोडणी, मोहफुलं वेचणं, ही सगळी वाकून-बसून करायची कामं आहेत. तिथे खुबा गेला की पोट भरण्याचं साधनच गेलं.

धोका कुणाला जास्त? मुलींना मुलांपेक्षा कितीतरी जास्त, पहिल्या अपत्याला, जवळच्या नात्यात कुणाला हा त्रास असेल तर, आणि पायाळू बाळाला. पायाळू माणसाची लाथ लागली की उसण जाते, असं आपल्याकडे मानतात. पायाळू बाळाचं कौतुक जरूर करावं. पण ते सिझेरियनने झालेलं असलं तरी सहा आठवड्यांच्या सुमारास त्याच्या खुब्याची सोनोग्राफी करून घ्यावी. एवढ्या लहान बाळाच्या खुब्याचा बराच भाग कूर्चेचा असतो, एक्स-रेत तो दिसत नाही. एक्स-रेचा खरा उपयोग चार-सहा महिन्यांनंतर.

तपासायचं कसं? बाळ पोटभर प्यायलेलं आणि शांत असावं. लंगोट काढून उताणं निजवा. गुडघे वाकवून पावलं शेजारी-शेजारी टेकवा. एक गुडघा खाली राहतो का पाहा. मग दोन्ही मांड्या हलक्या हाताने बाहेर उघडा. एक बाजू अडली, तर ती खूण महत्त्वाची, विशेषतः तीन महिन्यांनंतर. कधी दोन्ही खुबे निसटलेले असतात, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच अडतात आणि तुलना फसते; म्हणून मांड्या मुळात किती उघडतात तेही पाहायचं. मांडीवरच्या वळ्या कमी-जास्त असणं पुष्कळ निरोगी बाळांतही दिसतं, नुसत्या वळ्यांवरून घाबरू नका. इटलीच्या ऑर्टोलानींनी 1937 साली आणि इंग्लंडच्या बार्लोंनी 1962 साली सांगितलेल्या चाचण्या शिकलेल्या हातांसाठी आहेत, घरी त्या करून पाहायच्या नाहीत.

एकदा जन्मतः पाहिलं की झालं, असंही नाही. काही खुब्यांचा दोष नंतर उघड होतो. पुन्हा पुन्हा पाहायला हवं, आणि इथे गडचिरोलीकडे शिकण्यासारखं मोठं भांडवल आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने इथल्या 39 गावांत आरोग्यदूत तयार केल्या. गावातल्याच या बायकांनी नवजात बाळांतला जंतुसंसर्ग ओळखला, उपचार केले, आणि बालमृत्यू उतरले. 1999 साली ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरभेटी देतात आणि पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यातही जातात. खुबा पाहायला नेमक्या ह्याच तारखा हव्यात! नवी यंत्रणा मागायची गरज नाही. आशाताईंना हे पाहायला नीट शिकवा आणि त्यांच्या नोंदवहीत एक रकाना वाढवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा विकार 2013 पासून आहेच, आणि त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पण पट्ट्याचे दिवस सहा महिन्यांत सरतात, म्हणून घरभेट मोलाची.

माझी आणखी एक कळकळीची विनंती बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बायांना. बाळाचे पाय सरळ ओढून, जुळवून, दुपट्यात आवळून बांधू नका. छाती-हात गुंडाळा, पाय मोकळे सोडा. जपानमध्ये 1975 च्या सुमारास बाळांचे पाय ताणून बांधू नयेत अशी मोहीम निघाली आणि तिथे निसटलेल्या खुब्यांचं प्रमाण झपाट्याने घटलं. आपल्याकडे बाळाला पाय फाकवून कडेवर घेतात, लुगड्याने अंगाशी बांधतात. खुब्याला तीच बैठक मानवते. गाडी-पाळण्याच्या हौसेपायी ती सोडू नका.

दुखणारा खुबा मात्र वेगळा. तान्ह्या बाळाने एक पाय हलवणंच थांबवलं, लंगोट बदलताना किंचाळलं, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. नवजात बाळाला ताप असेलच असं नाही. तेलपाण्यात दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. काही दिवसांतच सांधा कायमचा जातो. मोठ्या पोराच्या मांडीत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखत असलं, तरी मूळ खुब्यात असू शकतं. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. त्यात रक्तपुरवठा अडून खुब्याचा माथा मरतो. लंगडणाऱ्या सिकलसेलग्रस्त मुलाचा खुबा तपासल्याशिवाय नुसत्या गोळ्यांवर परत पाठवू नये.

शेवटचा प्रश्न पट्ट्याचाच. तो बांधला म्हणजे संपलं नाही. दर एक-दोन आठवड्यांनी पाहावा लागतो, बाळ वाढतं तसा सैल करावा लागतो, आणि चुकीचा बसला तर अपायही करतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. तिथली आई भर पावसाळ्यात दर आठवड्याला जिल्ह्याला कशी येईल? गरोदर बायांना बाळंतपणाआधी येऊन राहता यावं म्हणून आदिवासी भागात माहेरघरं उभी राहिली. तशीच सोय पट्टा बांधलेल्या बाळाच्या आईसाठी जिल्हा रुग्णालयाच्या आवारात करावी, तिची बुडालेली मजुरी भरून द्यावी, आणि घरी दुसरं लेकरू असेल तर त्यालाही तिच्यासोबत राहू द्यावं.