वाट चुकलेली पाखरे आणि एक बेट



वैशाखाच्या उकाड्यात मी आज आपणांस स्कॉटलंडच्या उत्तरेकडील समुद्रात नेणार आहे. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्यामध्ये फेअर आयल नावाचे बेट आहे. लांबी सुमारे ५ किलोमीटर, वस्ती शंभराच्या आत आणि झाडे जवळजवळ नाहीतच. तरीही शरद ऋतूत पक्षी पाहण्यासाठी दूरदूरची माणसे तेथे जातात.

पाखरे तेथे येतात तरी कशाला? खरे म्हणजे ती तेथे यायला निघालेलीच नसतात. स्कँडिनेव्हियातून असंख्य लहान पक्षी रात्री दक्षिणेकडे निघतात. वाटेत पूर्वेचा वारा सुटतो, ढग व पाऊस आड येतात, आणि पहाटे पाहावे तो खाली सर्वत्र पाणी! अशा वेळी जो खडक दिसेल तोच आधार. रानात उतरलेला पक्षी कोणाच्या दृष्टीस पडत नाही. उघड्या बेटावर मात्र दगडी कुंपणाआडचे पाखरूही लपत नाही.

सायबेरियात जन्मलेला, पिवळ्या भुवईचा, जेमतेम अर्धा तोळा वजनाचा वटवट्या तेथे येतो. त्याच्या जातभाईंचा हिवाळा जातो आग्नेय आशियात! पूर्वी अशा पाहुण्याला केवळ वाट चुकलेला समजत. परंतु अलीकडच्या दशकांत पश्चिम युरोपात दर शरदात हे पक्षी कितीतरी अधिक दिसू लागले. ही चूक आहे, की नव्या वाटेचा आरंभ? वर्षानुवर्षांच्या नोंदी नसत्या, तर हा प्रश्नच कोणाला सुचला नसता.

या नोंदींमागे माणसे आहेत. १९०५ साली विल्यम ईगल क्लार्क तेथे गेले व त्यांनी बेटावरच्या रहिवाशांनाही या कामी लावले. पुढे जॉर्ज वॉटरस्टन १९४१ साली क्रीटमध्ये जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैद्यांच्या छावणीत, तारांच्या कुंपणाआड, हा गृहस्थ फेअर आयलवर पक्षिनिरीक्षण केंद्र काढण्याचे बेत आखीत होता! १९४३ साली आजारपणामुळे सुटका झाली. परतताना जहाजातून मायदेशाची जी पहिली भूमी दिसली, ती फेअर आयलच. १९४७ साली त्यांनी ते बेट विकत घेतले आणि १९४८ साली आरमाराच्या जुन्या झोपड्यांत केंद्र सुरू केले.

१० मार्च २०१९ रोजी केंद्राची इमारत आगीत भस्मसात झाली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, आणि नवी इमारत उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्या संस्थेचा जन्म झोपड्यांत झाला, तिचा प्राण इमारतीत नव्हताच. रोज त्याच वाटेने फिरावे, दिसेल ते मोजावे आणि काही दिसले नाही तरी तसे लिहून ठेवावे, या नेमात तो होता.

आपल्याकडेही पावसाळा सरला की परसात धोबी पक्षी शेपूट हालवीत उतरतो. यंदा तो प्रथम कोणत्या दिवशी आला, एवढे तरी आपण वहीत टिपून ठेवावे, आणि पुढल्या वर्षी तीच वही पुन्हा उघडावी. एवढीच माझी आपणांस विनंती आहे.