बालवाडीचा पहिला दिवस आणि आईबापांचे अंतःकरण
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त पालकांच्या सभेत मी चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. महोत्सवास शोभतील असे मोठे विषय पुष्कळ आहेत. तथापि मी एक लहान विषय निवडला आहे. जून महिना तोंडावर आला आहे. येत्या काही दिवसांत साताऱ्यास, कऱ्हाडास, सांगलीस, मिरजेस आणि आसपासच्या खेड्यापाड्यांत कित्येक घरांचे तीन-साडेतीन वर्षांचे लेकरू प्रथमच उंबरठा ओलांडून बालवाडीत जाईल. त्या दिवशी आईबापांच्या मनात जे कालवते, त्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

आपण मला फादर म्हणता; परंतु स्वतःच्या लेकराचे बोट सोडण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आलेला नाही. म्हणून मी जे सांगणार आहे ते अनुभवी बापाच्या तोऱ्याने नव्हे, तर आपली घरे वर्षानुवर्षे जवळून पाहणाऱ्या मनुष्याच्या नात्याने सांगतो, असे समजावे.

शाळेच्या दाराशी त्या दिवशी जे रडणे ऐकू येते ते मुलांचे. जे ऐकू येत नाही ते आईबापांचे. आई पदराने डोळे टिपते आणि पाऊस उडाला असे म्हणते. बाप मोटारसायकलची किल्ली उगाच चाचपीत उभा राहतो. कामावर जाण्यास उशीर होत असूनही त्याचा पाय निघत नाही. ह्या भावनेचे धागे नीट सोडवून पाहिले तर ते तीन आहेत.

पहिला धागा काळजीचा. त्याला तहान लागली तर सांगता येईल काय? कोणी ढकलले तर? डबा उघडता येईल काय? दुसरा धागा दुखावलेपणाचा. कालपर्यंत जे पोर माझ्या हातावाचून झोपत नव्हते, ते आज दुसऱ्या बाईंचा हात धरणार. इतकेच नव्हे, तर ते न रडता हसत आत गेले आणि त्याने मागे वळूनही पाहिले नाही, तरी आईचे मन दुखावतेच! तिसरा धागा कोणी उघड बोलून दाखवीत नाही. तो सुटकेचा. घर दोन तास शांत होईल, कामे हातावेगळी होतील, असा विचार मनास शिवतो आणि लागलीच त्याची लाज वाटते. मातापित्यांनो, ह्या तिन्हींत पाप काही नाही. जेथे माया आहे तेथेच हे तीन धागे एकत्र विणलेले सापडतात.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील, "आमच्या वेळी असले लाड नव्हते. आम्हांला काखोटीस मारून शाळेत नेऊन बसविले, आणि आम्ही शिकलो." हे म्हणणे खोटे नाही, परंतु त्या वेळचे मूल सहा-सात वर्षांचे असे. तोपर्यंत ते अंगणात, आजीच्या मांडीवर आणि चुलत भावंडांच्या घोळक्यात वाढलेले असे. आता काळ पालटला आहे. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस असलेल्या जोडप्याचे घर दोन खोल्यांचे, आणि आजी दूर गावी. सरकारनेही लहान वयाचे महत्त्व जाणले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. २००९ च्या कायद्याने शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून दिला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचा काळ शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात धरला.

आता सहा वर्षांचे मूल आणि तीन वर्षांचे लेकरू ह्यांत अंतर किती आहे ते पाहा. सहा वर्षांच्या मुलास "दुपारी न्यावयास येतो" म्हटले की अर्थ कळतो. तीन वर्षांच्या लेकरास दुपार म्हणजे किती दूर, हे ठाऊक नसते. नजरेआड गेलेली आई परत येते, ही गोष्टच त्याला अजून पक्की शिकावयाची असते. म्हणून मी म्हणतो की, बालवाडीचा पहिला धडा अ-आ-इ-ई हा नव्हे. "आई जाते, आणि आई परत येते" हा तो धडा होय. आणि तो बाईंनी शिकवावयाचा नसून आईबापांनी शिकवावयाचा आहे.

ज्यांनी शिशुशाळा निर्माण केल्या त्यांना ताटातुटीचे हे दुःख परके नव्हते. जर्मनीत फ्रीड्रिख फ्रोबेल ह्यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० साली तिला किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग, हे नाव दिले. हे गृहस्थ नऊ महिन्यांचे असतानाच त्यांची आई वारली होती. ज्याला आईची मांडी मिळाली नाही, त्याने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी बाग लावली!

इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी ह्या कॅथलिक घरात वाढलेल्या विदुषी. रोममधील सान लोरेंझो ह्या गरीब वस्तीत आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली मुले जिन्यांत हुंदडून भिंती खराब करीत. तेथील चाळींचे व्यवस्थापक त्यामुळे त्रासले, आणि त्यातूनच ६ जानेवारी १९०७ रोजी माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह सुरू झाले. परंतु त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात केवढी जखम होती! त्यांचा मुलगा मारिओ १८९८ साली जन्मला. विवाहाविना झालेले मूल जवळ ठेवण्यास त्या काळचा समाज अनुकूल नव्हता. ते खेड्यात दाईकडे वाढले, आणि मारिओ पंधरा वर्षांचा झाल्यानंतर मायलेक एकत्र राहू लागले. पुढे १९३९ साली दोघे मद्रासजवळ अड्यारला आले. १९४० साली इटली युद्धात उतरली तेव्हा ब्रिटिश सरकारने मारिओला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याला सोडण्यात आले. लेकराचा हात सुटणे म्हणजे काय आणि तो पुन्हा हातात येणे म्हणजे काय, हे त्या माउलीला कोणी सांगावयास नको होते.

आपल्या महाराष्ट्रात हे कार्य ताराबाई मोडक ह्यांनी रुजविले. भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणाची दीक्षा घेतली आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी केंद्र काढले. तेथील पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हा ताराबाईंनी मुलांस किंवा त्यांच्या आईबापांस दोष दिला नाही. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी शाळाच उचलून मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ह्या शब्दाचे मूळ तेथे आहे. मुलाला घरापासून तोडून शाळेत ओढू नये, घर आणि शाळा ह्यांमधील अंतर शक्य तितके कमी करावे, हे तत्त्व त्या एका शब्दात साठविलेले आहे.

आणि आपल्या सातारचेच उदाहरण कसे विसरावे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथील मुले बालवाडीच्या वयाची नव्हती, परंतु घर सोडून प्रथमच परक्या छपराखाली निजणारे मूल दहा वर्षांचे असले तरी रात्री लहानच होते. अनेक जातींच्या त्या मुलांचे लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने केले. धान्य संपले तेव्हा त्या साध्वीने आपले दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. दूरच्या खेड्यातील बापाने आपले पोर निश्चिंत मनाने साताऱ्यास धाडावे, ह्याचे कारण इमारत नव्हती. त्या इमारतीत असे एक माणूस होते, हे होते.

आता व्यवहाराकडे येतो. मुलाची नजर चुकवून मागल्या मागे निघून जाऊ नका. ते खेळण्यात रमले आहे, आता सटकावे, असा सल्ला पुष्कळजण देतात. त्याने त्या दिवसाचे रडणे चुकते खरे. परंतु वर मान करून पाहिल्यावर आई नाही, हे ज्याने एकदा अनुभविले ते लेकरू दुसऱ्या दिवशी खेळण्यात रमत नाही, पदर धरून बसते. म्हणून समोर उभे राहून, त्याला सांगून निघा. निरोप थोडक्यात घ्या. दहा वेळा वळून पाहिले तर आपली भीती त्याच्या डोळ्यांत उतरते. परत येण्याची वेळ त्याला समजेल अशा मापाने सांगा: "डबा खाऊन झाला, गाणे म्हणून झाले, की मी दाराशी असेन." आणि मग काही झाले तरी दाराशी असा. बस चुकली, काम लांबले, ही कारणे मोठ्यांच्या जगातील आहेत. आपल्याला जमणार नसेल तर कोण येईल ते सकाळीच सांगा.

बाईंचा बागुलबुवा करू नका. "थांब, शाळेत बाई बघतील तुझ्याकडे," ही धमकी ज्या घरात वर्षभर दिली जाते, त्या घरचे मूल पहिल्या दिवशी हसत कसे जाईल? घरी आल्यावर "काय शिकविले?" म्हणून उलटतपासणी घेऊ नका, आधी जवळ घ्या. काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी, बहुतेक मुले रुळतात. परंतु रुळलेले मूल एकाएकी घाबरू लागले, किंवा पुष्कळ दिवस लोटूनही त्याची भीती कमी होईना, तर ते हट्टी आहे असे म्हणून सोडून देऊ नका. काय होते आहे ते पाहा, बाईंस विचारा, लेकराचे ऐका. तुम्ही परत येता ह्यावर ज्या मुलाचा विश्वास बसला आहे, तेच मूल पुढे आपले दुखणेखुपणे तुम्हांस येऊन सांगेल. दाराशी दिलेला तो लहानसा शब्द आपण पाळतो की नाही, ह्यावर पुढील पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात.

एक गोष्ट आणखी. आपल्या ह्या दोन जिल्ह्यांत कृष्णाकाठी ऊस उभा असतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. फडात पहाटेच्या थंडीत आई ऊस तोडीत असते आणि तिचे तीन वर्षांचे पोर बांधावर पाचटात बसलेले असते. त्या आईलाही काळजी आहे. परंतु शाळेच्या दाराशी डोळे टिपण्याचा दिवस तिच्या वाट्यास क्वचितच येतो. आपल्या लेकरासाठी डबा भरताना त्या लेकराची आठवण ठेवावी. टोळी गावाजवळ उतरली तर अंगणवाडीताईंस कळवावे, मूल तेथे पोहोचेल असे पाहावे, ताईंना हातभार लावावा. महोत्सवाच्या रोषणाईपेक्षा असे एक मूल सावलीत बसले तर आपल्या धर्मग्रामास अधिक शोभा येईल.

पवित्र शास्त्रातील हन्ना आपणांस ठाऊक आहे. नवसाने झालेल्या शमुवेलास तिने बालपणीच मंदिरात एलीच्या स्वाधीन केले. परंतु ती त्याला विसरली नाही. दरवर्षी त्याच्या वाढत्या अंगाचा अदमास घेऊन ती एक लहानसा झगा शिवी आणि घेऊन जाई. दूर असलेल्या मुलाचे माप जिच्या मनात अचूक असते ती आई. मातापित्यांनो, येत्या जूनमध्ये आपले लेकरू दाराआड जाईल तेव्हा डोळे भरून आले तर भरू द्यावेत. मात्र सांगितलेल्या वेळी त्या दाराशी हजर असावे.