वार्ता आणि निमंत्रण

रायपुरात समता कॉलनीलगतच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. परप्रांती विखुरलेल्या मराठी घरांपर्यंत उत्सवाची वार्ता पोचविणे, हे अशा सर्वच मंडळांपुढील जुने कोडे. व्हॉट्सअ‍ॅपने ते सोडविले असे वाटते. २०२२ पासून त्याच्या एका गटात १०२४ माणसे मावतात. कार्यक्रमपत्रिका क्षणार्धात सर्वांहाती पडते. परंतु वार्ता पोचली म्हणजे माणूस आला, असे नव्हे.

१८९५ साली 'केसरी'ने रायगडावरील शिवसमाधीच्या जीर्णोद्धारासाठी हाक दिली आणि वर्गणीदारांची नावे छापली. अल्प वर्गणी देणाऱ्यालाही ते कार्य आपले वाटू लागले. पुढल्याच वर्षी, १८९६ मध्ये, रायगडावर शिवोत्सव झाला.

नव्या साधनाचा उपयोगही याच रीतीने व्हावा. सर्वांना धाडलेला एकच मजकूर ही दवंडी होय. ती अवश्य पिटावी. मात्र एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्धेला, "काकू, आरतीला याल ना? न्यायला येतो," असे दोन शब्द वेगळे लिहावेत. दवंडी तिने ऐकलेलीच असते. ती वाट पाहते बोलावण्याची.