रोहिणीच्या वाटेने यकृताकडे



यकृताच्या कर्करोगाचा रोगी आम्हां वैद्यकवाल्यांकडे येतो, तेव्हा पुष्कळदा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते. गाठ फार मोठी असते, गाठी अनेक असतात, नाहीतर उरलेले यकृतच काविळीच्या विषाणूने किंवा दारूने इतके वठलेले असते की त्याला सुरी सोसायची नाही. “मग आता काहीच करायचे नाही का?” असे घरचे विचारतात. त्या प्रश्नापुरतेच आज बोलावयाचे आहे.

निसर्गाने येथे एक फट ठेवली आहे. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या नीलेतून, बाकीचे रोहिणीतून. कर्काची गाठ मात्र आपला शिधा बहुतांशी रोहिणीतूनच ओढते. तेव्हा रोहिणीची नेमकी ती शाखा बुजवली, तर गाठ उपाशी पडते आणि शेजारचे यकृत नीलेवर तग धरते.

१९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईच्या वाटेने रोहिणीत नळी सरकवण्याची युक्ती प्रसिद्ध केली. तिच्यावरच हे सारे उभे आहे. जांघेतून वा मनगटातून नळी घालावयाची, क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत गाठीपर्यंत न्यावयाची, तेथे औषध सोडून बारीक कणांनी वाट बंद करावयाची. औषध पुष्कळदा ज्या आयोडीनयुक्त तेलात घोटतात, ते खसखशीचे! अनारशावरची खसखस कोठवर पोहोचली पाहा. दुसऱ्या रीतीत यिट्रियम-९० चे केसाहून बारीक किरणोत्सर्गी गोळे सोडतात. त्यांची शक्ती ६४ तासांत निम्मी होते.

२००२ साली दोन कसोट्या प्रसिद्ध झाल्या. बार्सिलोनात औषध देऊन रोहिणी बुजवलेल्यांपैकी शेकडा ६३ दोन वर्षांनी हयात होते, नुसत्या शुश्रूषेवर ठेवलेल्यांपैकी २७. हाँगकाँगमध्ये हेच आकडे ३१ आणि ११. रोगी निराळे, म्हणून आकडे निराळे. पण दोहोंकडे उपचाराने आयुष्य लांबले. रोग समूळ गेला, असे मात्र यांतून कोणी समजू नये.

उपचारानंतर ताप, पोटदुखी, मळमळ काही दिवस राहते. पुढे पुन्हा छायाचित्र काढून गाठ पाहावी लागते, प्रसंगी पुन्हा नळी घालावी लागते. क्वचित गाठ इतकी आटते की शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. परंतु कावीळ चढली असेल, पोटात पाणी झाले असेल, किंवा मोठी नीलाच तुंबली असेल, तर रोहिणी बुजवणे बहुधा घातकच. तेव्हा आम्ही नळी खाली ठेवतो, घरच्यांना बसवून घेतो आणि वेदना कशा कमी करता येतील ते बोलू लागतो.