रबराच्या पिळावरचं विमान



संक्रांत सरली की घरोघरी पतंगाचा कागद आणि बांबूच्या कामट्या उरतात. त्यात श्रीखंडाचा रिकामा डबा, एक मणी, थोडी तार आणि रबर एवढं जमवलं की विमानाचं सामान झालं. डब्याच्या गोलाईतून जरा तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्यांना पंख्याचा बाक आयताच मिळतो. पंख्यामागे मणी ओवला की तो घासत नाही. एनसीसीच्या हवाई शाखेतली मुलं हाच उद्योग एरोमॉडेलिंग या नावाने करतात.

खेळ लहान, पण घराणं मोठं आहे! 1871 साली पॅरिसच्या ट्युलेरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने रबराच्या पिळावर विमान उडवलं. 11 सेकंदांत ते सुमारे 40 मीटर गेलं. पेनोच्याच धर्तीचं, पण हेलिकॉप्टरसारखं एक खेळणं 1878 मध्ये राइट बंधूंना वडिलांनी आणून दिलं. विल्बर 11 वर्षांचा, ऑर्व्हिल 7. पोरांनी त्याच्या मोठमोठ्या नकला केल्या, आणि नक्कल जितकी मोठी तितकी ती कमी उडायची. आकार दुप्पट केला तर ताकद आठपट लागते, हे त्यांना पुढे कळलं. तेव्हा पहिलं विमान हातभरच करा.

करणं सोपं; खरी मेख उडवण्यात आहे. रबर एकसारखा जोर देत नाही. सुटल्यासुटल्या ते सगळी मस्ती दाखवतं, नाक आभाळाकडे जातं, वेग मरतो आणि विमान खाली आदळतं. म्हणून पंख्याचा आस किंचित खाली झुकवायचा. पंखा फिरतो त्याच्या उलट बाजूला विमान कलतं, त्यासाठी आस थोडा उजवीकडेही वळवतात. पण हे सगळं नंतर. आधी पीळ न देताच, गवतावर, हातातून अलगद सोडून पाहा. नाक खुपसत असेल तर पंख पुढे सरकवा, हेलकावे खात असेल तर मागे. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

पीळ देताना रबर तीन-चारपट ताणा आणि निम्मा पीळ झाला की हळूहळू जवळ या. आधी एरंडेल चोळलंत तर रबर लवकर तुटत नाही.

वेळ सकाळची. मैदानावर क्रिकेट सुरू व्हायच्या आत वारा पडलेला असतो. उन्हं चढल्यावर एखादी घार पंख न हलवता घिरट्या घालताना दिसली, तर तिथे गरम हवा वर चढते आहे असं समजा. नीट साधलेलं विमान त्या हवेत सापडलं, तर पीळ संपला तरी खाली येत नाही. ते दूर वाहत जाऊ शकतं, म्हणून पंखावर शाळेचं नाव लिहून ठेवा आणि सायकलवाला एक मित्र सोबत न्या.